बाहीच्या आतले पाच शब्द

आधीच सांगते, मी वाईट बाई नाही. आगाऊ आहे. तोंडाळही आहे, सुनेला विचारा, अर्धा तास सांगेल. पण कुणाचं वाटोळं व्हावं म्हणून मी जन्मात काही केलं नाही. जे केलं ते भलं करायला गेले म्हणून केलं, आणि आता त्याचीच इतकी लाज वाटते की केस विंचरतानासुद्धा आरशात नीट बघवत नाही.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. मागच्या खोलीत धुण्याची दोन मशिनं, मध्ये इस्त्रीचं टेबल, पुढे काउंटर. टेबलाशी माझा मुलगा, काउंटरवर मी. माझं वय त्रेसष्ट. त्यातली तेवीस वर्षं मी एचआयव्हीच्या गोळ्या खाते आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की त्या बीपीच्या आहेत. सून बिचारी माझ्यासाठी मीठ न घालता वेगळी भाजी काढून ठेवते, आणि मी ती अळणी भाजी गेली दहा वर्षं मुकाट गिळते आहे.

दर तीन महिन्यांनी गोळ्या आणायला मोठ्या दवाखान्यात जायचं. मागच्या इमारतीत, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, पाटी नसलेलं एक दार आहे आणि दारासमोर लांब बाक. त्या बाकावरची आम्ही जुनी मंडळी. सुरुवातीला बाक पुरायचा नाही. मग माणसं भराभर कमी झाली, मग चांगल्या गोळ्या आल्या, आणि जे उरले ते टिकले. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही. ट्रकवाला, नर्सबाई, मास्तर, आणि मी लाँड्रीवाली मावशी. बाहेर रस्त्यात दिसलो तर ओळख दाखवायची नाही, हा नियम. मास्तरांचं तेवढं वेगळं होतं. ते कपडे माझ्याकडेच टाकायचे, त्यामुळे आमच्या ओळखीला सांगण्यासारखं निमित्त होतं.

मास्तर गणित शिकवायचे. रिटायर होऊन आठ वर्षं झालेली, तरी खिशाला पेन आणि सगळ्यांना 'आपण'. मला 'आपण' म्हणणारा जगात तो एकच माणूस. घरी ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलगी विम्याच्या ऑफिसात नोकरीला. तिला त्यांच्या आजाराचं काही माहीत नव्हतं. "कळलं म्हणून ती मला टाकून देणार नाही," मास्तर एकदा म्हणाले होते. "पण बाबा अशी हाक मारताना ती एक क्षण थांबेल. तो क्षण मला नको आहे, बाई." आम्हा सगळ्यांचं दुखणं त्यांनी नेमकं सांगितलं होतं.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टर मॅडमनी नवीन फर्मान काढलं. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांची वर्षातून एकदा डोक्याची परीक्षा होणार. त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं, मी खोटं बोलणार नाही. गोळ्यांनी विषाणू दबून राहतो, तरी हा आजार असलेल्या काही जणांचं डोकं जरा लवकर थकतं. विसरायला होतं, हिशेब चुकतो, हात मंदावतो. कधी त्याचं कारण आजार असतो, कधी एखादी जुनी गोळी असते, कधी रक्तात काही कमी पडलेलं असतं, आणि लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं. परीक्षा तीस मार्कांची. चोविसाच्या खाली आलात तर पुढच्या तपासण्या होतील आणि घरचं एक माणूस सोबत आणायचं, कारण गोळ्यांवर आणि वागण्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.

एवढं सगळं त्या बोलल्या, आणि आम्ही त्यातलं एकच ऐकलं. घरचं माणूस आणायचं.

परीक्षा घ्यायला एक ताई. वयाने माझ्या मुलीसारखी, पण सगळे ताईच म्हणायचे. पहिल्या वर्षी ट्रकवाला पहिला आत गेला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. "पाच शब्द सांगतात, मग घड्याळ काढा, उलटे आकडे म्हणा, असलं कायकाय करायला लावतात, आणि मग विचारतात, ते पाच शब्द कुठले? माझे दोन गळाले."

मी म्हटलं, "कुठले पाच?"

बस्स. तिथून सुरू झालं. ताई भोळी, दिवसभर सगळ्यांना एकच कागद वापरायची. दुसऱ्या वर्षापासून आम्ही रांगच लावली. नर्सबाईचं डोकं सगळ्यांत तल्लख, तिने पहिलं आत जायचं. बाहेर आली की चपलेचा पट्टा बसवायला वाकायची आणि वाकल्या वाकल्या पाच शब्द सांगायची. मग मी. मग ट्रकवाला. बाकावर आम्ही ते पाठ करत बसायचो, आणि चहा पिताना हसायचो. या सगळ्याची मुकादम मी होते. कुणाला शब्द पोचले, कुणाला नाही, हे मी बघायची. मला वाटायचं, बघा, कशी सगळ्यांना सांभाळून घेते.

मास्तरांनी मात्र कानांवर हात ठेवले होते. "मी चौतीस वर्षं कॉपी पकडली आहे, बाई. आता करू?" पहिली दोन वर्षं ते आपले आपण आत गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना बरोबर चोवीस मिळाले. काठावर पास. बाहेर आले तेव्हा ओठ कोरडे पडले होते. आणि तिसऱ्या वर्षी, ट्रकवाला आत होता तेव्हा, ते माझ्या शेजारी सरकले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "आपल्याकडे शब्द मिळतील का?"

त्या वेळी माझ्या काळजात काहीतरी हललं पाहिजे होतं. आयुष्यभर ताठ मानेने जगलेला माणूस माझ्यापुढे मान खाली घालून कॉपी मागतो आहे, म्हणजे त्याची केवढी तंतरली असेल. मला काय वाटलं माहीत आहे? मला बरं वाटलं. म्हटलं, आला एकदाचा आमच्यात. दिले शब्द. पुढच्या वर्षी घड्याळही शिकवलं. आधी बारा, मग सहा, मग तीन, मग नऊ, मग मधले भरा. गणिताच्या मास्तरांना मी, आठवी नापास, घड्याळ शिकवत होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कळत होतं. एकदा ते दुकानात आले आणि म्हणाले, "माझा करडा कोट द्या." अंगात तोच कोट होता. मी पोट धरून हसले. "मास्तर, कोट तुम्हाला घेऊन आला की तुम्ही कोटाला?" तेही हसले, पण उशिरा हसले. तो किस्सा मी बाकावर रंगवून सांगितला. सगळे खो खो हसले.

आणि माझं स्वतःचं? तेही सांगते, लपवून आता काय मिळणार. चाळीस वर्षं मी कपडे ओळखते. दोनशे शर्ट आले तरी कुठला कुणाचा हे मला खूण न बघता सांगता यायचं. गेल्या वर्षी मी एका बाईचा लोकरीचा कोट कढत पाण्यात टाकला. बाहेर निघाला तो बाहुलीला होईल एवढा. कधी नव्हे ती अशी चूक, आणि मी काय केलं? सुनेवर ओरडले. म्हटलं, तूच मशीनचं बटण फिरवून ठेवलं असशील. तिने तो आकसलेला कोट उचलून बाजूला ठेवला. माझ्या तोंडाला कोण लागणार?

तर यंदाची परीक्षा. शब्द होते छत्री, लिंबू, घंटा, शेजारी, निळा. नर्सबाईने सांगितले, मी आत जाऊन आले, सत्तावीस मिळवले, आणि मास्तरांना घेऊन बसले. त्यांनी तीनदा म्हणून दाखवले. तिन्ही वेळा शेजारी गळाला. चौथ्यांदा लिंबूपण गेलं. त्यांचा नंबर पुढचाच. त्यांच्या कपाळावर घाम, हाताची बोटं शर्टाच्या टोकाशी चाळा करत होती. "बाई, राहू द्या," ते म्हणाले. "होईल ते होईल."

राहू द्यायला हवं होतं. पण मी पडले मुकादम. माझ्या पिशवीत कपड्यांवर खूण करायचं पेन कायम असतं, काळ्या शाईचं. ती शाई धुण्यात जात नाही, तेवढ्यासाठीच ती असते. मी त्यांचा डावा हात मांडीवर ओढला, बाही उलटली आणि आतल्या बाजूने बारीक अक्षरात पाचही शब्द लिहिले.

"ह्याला कॉपी म्हणतात," मास्तर हळूच म्हणाले.

"ह्याला माणुसकी म्हणतात," मी म्हणाले. "चला, उठा."

त्यांना अठ्ठावीस मिळाले. त्यांनी ताईकडून मार्कांचा कागद मागून घेतला. त्या कागदावर आजाराचं नाव नव्हतं, नुसतं 'स्मरणशक्ती तपासणी' आणि मार्क. घडी घालून वरच्या खिशात ठेवला. कशाला हवा, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दुपारी, मास्तरांची मुलगी दुकानात आली. माझ्यासाठी ती नुसती गिऱ्हाईक होती, आणि तिच्यासाठी मी लाँड्रीवाली मावशी. तिने काउंटरवर एक शर्ट ठेवला, बाही उलटली आणि विचारलं, "मावशी, ही शाई निघेल का हो?"

माझ्याच हातची अक्षरं. मागे मुलगा इस्त्री करत होता, रेडिओ चालू होता, आणि मी त्या शर्टाकडे बघत राहिले.

"कुणी लिहिलं हे?" मी विचारलं. हो, एवढी निर्लज्ज मी.

"बाबांनीच असणार. चार दिवस झाले, दवाखान्यात आहेत." आणि ती सांगत सुटली, तिलाही बहुधा कुणीतरी ऐकणारं हवं होतं. मास्तर सकाळी घरातून निघाले ते थेट जुन्या शाळेत गेले. एका वर्गात शिरून फळा पुसला आणि शिकवायला लागले. वर्गावरच्या बाईंनी विचारलं तर त्यांच्यावरच रागावले. त्यांना स्वतःच्या घरचा पत्ता सांगता येईना. "आणि मावशी, दोनच महिन्यांपूर्वी त्यांची तपासणी झाली होती. तीसपैकी अठ्ठावीस! डॉक्टर म्हणतात, इतकं चांगलं डोकं इतक्या झपाट्याने उतरलंय, म्हणजे आत जंतू शिरलेत, मेंदूला काहीतरी झालंय. उद्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढणार आहेत. तपासायला." तिने डोळे पुसले. "हा शर्ट त्यांना हवाय. सारखा मागतात. म्हटलं, निदान डाग काढून द्यावा."

झपाट्याने काही उतरलं नव्हतं. तीन वर्षं हळूहळू उतरत होतं आणि मी त्याच्यावर चादर घालत होते. हे मला त्याच क्षणी कळलं. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मुलगा मागे उभा होता. मी शर्ट उचलला आणि म्हणाले, "बघते काय होतं ते."

बघते! काय बघणार होते मी, कर्म?

दुसरा दिवस मी घरात काढला. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. सुनेने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, ती पोटावर घेऊन पडून राहिले आणि स्वतःला समजावत होते, की सुई घालतीलच, काही निघणार नाही, सोडून देतील. सुटेल आपोआप. तिसऱ्या दिवशी राहवेना. मुलाला म्हटलं, मास्तरांना बघून येते, जुनं गिऱ्हाईक आहे, आणि निघाले.

वॉर्डाबाहेर मुलगी उभी होती. कालची सुई नीट झाली नव्हती, मास्तर हलले, पाण्यात रक्त मिसळलं, म्हणून आज पुन्हा घालत होते. दाराला पडदा होता. पडद्यामागून आवाज येत होता. मास्तरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. ते ओरडत होते, आणि ओरडतानाही म्हणत होते, "आपण असं का करता आहात? माझं काय चुकलं? आपण सांगा तरी!"

मुलीने कानांवर हात ठेवले. मला तेवढंही करता आलं नाही. पहिली सुई माझ्या कॉपीमुळे होती. ही दुसरी माझ्या गप्प बसण्यामुळे. काल आले असते तर ही टळली असती. भिंतीला धरून मी तिथून हलले आणि मागच्या इमारतीत गेले, एक्स-रेच्या पलीकडे, पाटी नसलेल्या दारात.

डॉक्टर मॅडम एकट्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. शब्द, बाक, चपलेचा पट्टा, घड्याळ, बाही, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती जण?"

"बाकावरचे सगळे."

"किती वर्षं?"

"मास्तर तीन. बाकी चार."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर मीही आवाज चढवला असता, मला ते जमतं. पण त्यांनी मास्तरांची फाइल पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला वाटलं तुम्ही मला फसवताय. त्या कागदाकडे बघून मी औषध ठरवते. अठ्ठावीस बघितले आणि पुढचं काही तपासलंच नाही." त्यांनी तिथेच फोन लावला. जंतूंचं औषध थांबवा, रक्त पाठवा, हे बघा, ते बघा.

दोन तास मी त्या बाकावर बसून होते. कुणी नव्हतं. रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, आणि मला समजेल असं सांगितलं. मास्तरांच्या रक्तातलं बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलेलं होतं. शिवाय ते घेत होते ती एक जुनी गोळी काही जणांच्या डोक्याला मानवत नाही, ती बदलता आली असती. आणि आजाराने म्हणून जे थकलंय ते वेगळं. "तीन वर्षांपूर्वी कळलं असतं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आता उपचार सुरू करू. काही परत येईल. किती, ते मी सांगू शकत नाही."

"त्यांच्या मुलीला?" मी विचारलं.

"आजाराचं त्यांनी भरती होताना, डोकं जरा ताळ्यावर होतं तेव्हा, स्वतः सांगितलं तिला. बाकीचं मी सांगू की तुम्ही सांगता?"

मी सांगते म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "आणि तुमचे सत्तावीस?"

"तेही तसलेच," मी म्हणाले. "उद्या दहा वाजता," त्या म्हणाल्या. "नवीन कागद. आणि मावशी, या वेळी मार्क बघून नाही, आधीच सांगते. घरचं माणूस घेऊन या."

मुलगी वॉर्डाबाहेरच्या खुर्चीवर होती. मला परत आलेलं बघून तिला आश्चर्य वाटलं. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "शर्टावर मी लिहिलंय."

तिला आधी समजलंच नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. मी पण त्याच बाकावरची, हेही सांगितलं. तेवीस वर्षांत डॉक्टर आणि बाकावरचे सोडून कुणापुढे हे बोलले नव्हते, आणि बोलताना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण पुढचं सांगायचं होतं ते त्याहून वाईट होतं.

ती रडली नाही. पर्समधून तिने एक घडी घातलेला कागद काढला. तो मार्कांचा कागद.

"हा त्यांनी मला दाखवला होता," ती म्हणाली. "दरवर्षी दाखवायचे. मी त्यांना दोन वर्षं म्हणत होते, बाबा, तुम्ही विसरता, आपण डॉक्टरकडे जाऊ. तर हा पुढे करायचे. रिटायर झालेल्यांची तपासणी असते म्हणायचे. बघ, अठ्ठावीस. मग मला वाटायचं, म्हणजे हे मुद्दाम करतात. दूध मुद्दाम उतू जाऊ देतात. नळ मुद्दाम उघडा टाकतात. मी ऑफिसातून दमून यायचे आणि..." ती थांबली. "मी त्यांना काय काय बोललेय, मावशी. एकदा ते गॅस चालू ठेवून निघून गेले म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते मागे मागे फिरत होते माझ्या. विचारत होते, माझं काय चुकलं. मी एकदा हातातली पिशवी फेकून मारली त्यांना."

मी "माझं चुकलं," म्हणाले. किती हलका शब्द तो. पण दुसरा कुठला आहे?

तिने कागदाची पुन्हा घडी घातली, उठली आणि पडद्याआड गेली. पडदा पूर्ण ओढला गेला नव्हता. मास्तर कुशीवर पडले होते, केस विस्कटलेले, दाढी वाढलेली. ती खाली वाकली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "चुकलं माझं. मी फार बोलले तुम्हाला. मला माहीत नव्हतं."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताने तिचा हात थोपटला, फार प्रेमाने, आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या. आपण रडू नका. मूल लहान आहे, शिकेल हळूहळू." मग जरा विचार करून म्हणाले, "आपण कोणाच्या आई?"

मला तिथून पळून जायचं होतं. पाय उचलतही होते. पण इतकी वर्षं पळूनच तर हे झालं होतं. मी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून इंजेक्शन सुरू होणार आहेत. गोळीपण बदलणार."

"मी येत जाईन," मी म्हणाले. "डबा आणीन, रात्री बसायचं असलं तर—"

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. वडिलांवर गेली आहे. "कृपा करून येऊ नका."

"बरं," मी म्हणाले.

जिना उतरून खाली आले. फाटकाजवळ कठडा आहे, त्यावर बसले. चार वाजले होते. माणसं आत जात होती, बाहेर येत होती, फळं, डबे, एक्स-रेचे मोठे लिफाफे. मी फोन काढला. मुलाचा नंबर मला तोंडपाठ आहे असं मी कायम म्हणते. मधले आकडे आठवेनात. मग यादीत शोधून लावला.

"दुकान बंद कर आणि इकडे ये," मी म्हणाले.

"आत्ता? समोरच्या हॉटेलच्या चादरी द्यायच्यात, आई. मास्तरांना काही झालं का?"

"मास्तरांचं नाही. माझं आहे. उद्या इथे माझी तपासणी आहे, घरचं माणूस लागतं. त्याआधी तुला एक सांगायचंय. बरंच सांगायचंय."

पलीकडे रेडिओ बंद झाला. इस्त्री टेबलावर उभी केल्याचा आवाज आला.

"कसली तपासणी? आई, तू रडतेयस का?"

आजवर मी कधी त्याला हो म्हटलं नव्हतं. डोळ्यात साबण गेला म्हणायची, वाफ लागली म्हणायची.

"हो," मी म्हणाले. "ये लवकर."